लहानूचं अर्धं वाक्य

८ जानेवारी १९७९, सोमवार

आज निकुंभ सरांनी गट पाडले आणि चौथ्या गटाचा प्रमुख म्हणून माझं नाव वाचलं. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, "कारभारी नाव ठेवल्याचं सार्थक झालं. आता तिथेही कर कारभार." वडील, म्हणजे आमचे दादा, सातपूरच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आले होते. तेही काहीतरी म्हणत होते, पण तोवर मी हातपाय धुवायला गेलो.

ही डायरी दादांचीच. त्यांना दुकानदाराने दिलेली. नव्या कामाची सुरुवात आहे, तर नोंद असावी म्हणून आजपासून लिहितो.

अध्यापक विद्यालयाचं हे शेवटचं वर्ष. मार्चमध्ये वार्षिक पाठ, म्हणजे आपण खऱ्या मुलांना शिकवायचं आणि बाहेरचे परीक्षक मागच्या बाकावर बसून गुण देणार. त्यात नापास तो सगळ्यात नापास. तोवर गटाने एकत्र अभ्यास करायचा, एकमेकांचे सराव पाठ पाहायचे आणि पाठानंतर चर्चा करायची.

आमच्या गटात चौघं. भिकन सटाण्याकडचा, हाताने काहीही बनवतो, रंगात आला की अहिराणीत शिरतो. चंद्रभागा विधाते मखमलाबादची, घरी फुलशेती. पहाटे झेंडू तोडून मग कॉलेजला येते. मी त्यांना विधातेबाई म्हणतो, त्या मला पगारे म्हणतात. आणि लहानू भोये, हरसूलच्याही आतल्या पाड्यावरचा. लहानू गेल्या वर्षी वार्षिक पाठातच नापास झाला. वसतिगृहाने त्याला फक्त यंदापुरतं ठेवून घेतलंय. यंदा पास झाला तर मास्तर, नाही तर पाड्यावर परत, ही गोष्ट त्याने स्वतः नाही सांगितली, निकुंभ सरांनी मला बाजूला घेऊन सांगितली. "पगारे, याला काढ पार," म्हणाले.

काढणार. मी ठरवलंय.

११ जानेवारी

मानसशास्त्राचं पुस्तक ग्रंथालयात एकच आहे. कॉलेजच्या ओसरीवर बसायचं, मी मोठ्याने वाचायचं आणि तिघांनी ऐकायचं अशी पद्धत घातली. माझं वाचन सगळ्यात झपाट्याचं. सोपा भाग आला की मी पानं उलटतो, म्हणजे वेळ वाचतो. आज 'प्रश्न कसे विचारावेत' असा भाग आला. प्रश्न विचारणं हे काय शिकायचं? शेंबड्या पोरालाही येतं. ती दोन पानं सोडली.

लहानूने मान वर केली. मी विचारलं, "काय रे?" तर म्हणाला, "काय नाय."

१७ जानेवारी

पालिकेच्या शाळेत लहानूचा सराव पाठ झाला. तिसरीचा वर्ग, विषय 'पाणी'. आवाज एवढा बारीक की मागे आम्हाला निम्मं ऐकू येईना. फळ्यावरच्या ओळी उताराला लागलेल्या. आणि प्रश्न विचारला की हा नुसता उभा. मुलं गप्प, हाही गप्प. मला ते बघवेना. शेवटी मी मागून एका मुलाला हळूच उत्तर सांगितलं, त्याने ते म्हटलं आणि गाडं पुढे सरकलं.

नंतरच्या चर्चेत मी काही हातचं राखलं नाही. आवाज, फळा, उभं राहणं, प्रस्तावना, एकेक चूक वाचून दाखवली. आपल्या माणसाने स्पष्ट नाही बोलायचं तर कोणी बोलायचं? भिकन म्हणाला, "एखादं चांगलं पण सांग ना." मी म्हटलं, चांगलं असतं ते दिसतंच.

लहानू सगळं ऐकून "बरं" म्हणाला. त्याचा हा गुण मोठा आहे, वाद घालत नाही.

२९ जानेवारी

वार्षिक पाठाचे विषय आज द्यायचे होते. गटप्रमुखाने चौघांचे एकदम आणून द्यावेत, असं सरांनी सांगितलं होतं. मधल्या सुट्टीत मी झटपट वाटप केलं. विधातेबाईंना 'फुलाचे भाग', भिकनला 'आठवड्याचा बाजार', मला 'आपले डोळे'. लहानूला मुद्दाम 'आगगाडी' दिली, कारण माझ्याकडे आगगाडीचा रंगीत तक्ता तयार आहे आणि मुलांना हा विषय आवडतो.

तो म्हणाला, "कारभारी, आगगाडी म्हंजे... मी काय..."

"साधनांची काळजी करू नकोस. तक्ता माझा घे."

"तक्त्याचं नाय रे. मी..."

"डबे पुठ्ठ्याचे करू. भिकन करून देईल."

"बरं," म्हणाला.

एवढं आयतं ताट वाढून दिलं तरी चेहरा पडलेला. काही माणसांना कसं खूश करावं तेच कळत नाही. घंटा झाली आणि मी यादी सरांच्या टेबलावर ठेवून आलो.

६ फेब्रुवारी

विधातेबाई हल्ली उशिरा येतात आणि आल्या तरी गप्प असतात. परवा त्यांनी वाचन मध्येच थांबवून शंका काढली, तेव्हा मी गमतीने म्हटलं, "बाई, हे काही झेंडू तोडण्याइतकं सोपं नाही." भिकनसुद्धा हसला नाही, त्याचं नेमकं लक्ष नसावं. आता लग्नसराई आहे, फुलांची तोड वाढली असेल, म्हणून उशीर होत असणार.

१३ फेब्रुवारी

चाचणीचे पेपर मिळाले. मजा म्हणजे तिघांनीही एकच प्रश्न कोरा सोडलाय, तो वर्गात प्रश्न विचारण्याबद्दलचा. मी आपलं डोक्याने काहीतरी लिहून वेळ मारून नेली. एवढं घसा फोडून वाचतो, पण पालथ्या घड्यावर पाणी. उद्यापासून अजून मोठ्याने वाचणार.

लहानूच्या आगगाडीच्या पाठाचं टाचण मीच लिहून दिलं. त्याने घडी करून खिशात ठेवलं. सराव कर म्हटलं तर करतो, पण पाठ केल्यासारखा करतो. शिट्टी, धूर, रूळ, डबे, सगळे शब्द बरोबर येतात, पण ऐकताना झोप येते. काय कमी पडतंय ते मला कळत नाही. हा पास होईल ना, अशी आज पहिल्यांदा खरी भीती वाटली.

२५ फेब्रुवारी

काल स्नेहसंमेलन झालं. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं आणि सुरुवातीलाच माईक बिघडला. मी माघार घेणारा नाही. शेवटच्या नाटुकल्यापर्यंत बिनमाइकचा ओरडत राहिलो. आज सकाळी उठलो तर तोंडातून आवाजच निघेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

डॉक्टर म्हणाले, घशाला सूज आहे, आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजसुद्धा नाही, नाही तर आवाज कायमचा चिरका होईल. आई म्हणाली, "बरं झालं. तोंडाचा पट्टा बंद, घरात आता भांड्याचा आवाज तरी ऐकू येईल."

रात्री जेवताना दादा बोलत होते. कारखान्यात नव्या मशिनवर कोणाला घेणार, जुन्या माणसांना त्याची धास्ती कशी आहे, त्यांना स्वतःलाही कशी आहे, असं बरंच काही. दादा एवढं बोलतात हे मला ठाऊक नव्हतं.

२८ फेब्रुवारी

हे आज लिहावं की नाही कळत नाही. पण डायरी दुसरं कोणी वाचत नाही.

ओसरीवर गेलो, बरोबर बहिणीची पाटी घेऊन. वाचणार कोण हा प्रश्न होता. विधातेबाईंनी पुस्तक घेतलं आणि सावकाश वाचायला लागल्या. अडलं की थांबतात, दुसऱ्यांना विचारतात. माझा जीव वरखाली होत होता, या गतीने पुस्तक दिवाळीला संपेल. मग त्यांनी मागची पानं काढली. जानेवारीत मी सोडलेली दोन.

"प्रश्न विचारल्यावर शिक्षकाने थांबावे. मुलाला विचार करण्यास वेळ लागतो. शिक्षकाने घाईने स्वतःच उत्तर दिल्यास मूल पुढील वेळी विचार करण्याचे सोडून देते."

वाचताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. लहानूने पाण्याच्या पाठात काय केलं होतं आणि मी मागून काय केलं होतं, ते मला बसल्या जागी आठवलं. ती दोन पानं मी स्वतःसुद्धा वाचलेली नव्हती.

मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "भोये, तुम्ही त्या दिवशी आगगाडीबद्दल काहीतरी सांगत होतात. काय होतं ते?"

लहानू फरशीवरची माती नखाने काढत बसला. विधातेबाई थांबल्या. भिकनही थांबला. मी आतापर्यंत तीन उत्तरं दिली असती. तोंड उघडलंही, पण नुसती हवा बाहेर आली. पाटीवर काही लिहावं तर पेन्सिल सापडेना.

खूप वेळाने तो म्हणाला, "मी आगगाडी पाह्यलीच नाय अजून. लांबून पन नाय."

विधातेबाईंनी मिटलेलं पुस्तक बाजूला ठेवलं.

"आमच्याकडं कुठं हाय ती. नाशकात आलो ते एसटीनं. नाशिकरोडला कधी कामच पडलं नाय. आता पाह्यल्याबिगर शिकवू कसा? पोरं विचारतील, गुरुजी, आत कसं असतं? तक्त्यात आतलं नाय दिसत."

मला पेन्सिल सापडली. मी लिहिलं, 'मला का नाही सांगितलंस?' आणि पाटी त्याच्यापुढे धरली. त्याने वाचलं आणि जरासा हसला. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं.

"सांगाया लागलो का तू पुरं करतो, कारभारी. आन् तू पुरं केलेलं माझ्यापरीस चांगलं असतं. मग मला वाटतं, आसंल तसंच."

१ मार्च

रात्री नीट झोप नाही. मनात नुसता राग. आधी लहानूचा आला. जीभ आहे ना तोंडात? दोन वाक्यं ओरडून सांगायला काय झालं होतं? मग स्वतःचा आला. मी याला पार काढणार होतो आणि मीच याला खोल पाण्यात ढकललं, वर तक्ता दिला.

प्रमुखपद सोडतो असं पाटीवर लिहून विधातेबाईंना दाखवलं. त्यांनी ओल्या फडक्याने ते पुसून टाकलं. म्हणाल्या, "पगारे, तुम्ही वाईट नाही हो. पण तुमच्याशी बोलायचं म्हणजे चालत्या गाडीत चढायचं. ज्याला उडी मारता येते तो चढतो, बाकीचे फलाटावर राहतात. गाडी थांबवा ना जरा. सोडून कशाला पळताय?"

आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "झेंडू तोडणंही सोपं नसतं. पहाटे येऊन बघा एकदा."

म्हणजे लग्नसराई वगैरे काही नव्हती. मी पाटीवर 'चुकलो' एवढंच लिहिलं. ते मात्र त्यांनी पुसलं नाही, पाटी तशीच माझ्याकडे दिली.

२ मार्च

विषय बदलून मिळतो का, ते सरांना विचारायला गेलो. माझा आवाज बंद, त्यामुळे लहानूलाच बोलावं लागलं. दारात तो अडखळला, सर कागदात मान घालून होते, आणि मला वाटलं संपलं. पण तो बोलला. अडखळत, पण शेवटपर्यंत. सर म्हणाले, "यादी परीक्षकांकडे गेली. आता बदल नाही. गटाने आधी का बोलून घेतलं नाही?" त्यावर लहानूने माझं नाव घेतलं नाही. मी त्याच्या मागे उभा होतो आणि मान खाली घातली.

बाहेर आल्यावर भिकनने ठरवून टाकलं. "मग जाऊ देखाले. त्यामा काय शे?" म्हणजे आगगाडी बघायला जायचं.

ओसरीवर त्याने अजून एक नियम केला. ज्याच्या हातात खडू, तोच बोलणार. "ज्याना हातमा खडू शे, तोच बोली." दुसऱ्याने मध्ये तोंड घातलं तर त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. हा कायदा कोणासाठी आहे ते सगळ्यांना ठाऊक. मुक्या माणसाला काय, मी मान्य केला.

११ मार्च, रविवार

आवाज आलाय, घोगरा.

सकाळी चौघं शहर बसने नाशिकरोडला गेलो आणि देवळालीची तिकिटं काढली. विधातेबाईंनी धाकट्या भावाला बरोबर आणलं होतं, नाही तर घरून सोडलं नसतं. फलाटावर लहानू रुळांकडे बघत उभा राहिला. मला सांगायचं होतं, हे सिग्नल, ही वरची तार, हा मालधक्का. खडू लहानूच्या हातात होता. मी दोन्ही हात खिशात घातले.

गाडी आली तेव्हा तो दोन पावलं मागे सरला. मग म्हणाला, "धूर कुठं हाय?"

इंजिन विजेचं. माझ्या तक्त्यावरचं इंजिन ढगाएवढा धूर सोडतं. मी या स्टेशनावर लहानपणापासून येतोय आणि हे कधी मनात आलं नव्हतं. सगळे हसले, मीही हसलो, आणि खडू हातात नसताना बोललो, "अरे, तो जुना तक्ता आहे." त्याचा दंड म्हणून चहा पाजला.

आमची पॅसेंजर बराच वेळ हललीच नाही. मी चुळबुळ करत होतो. लहानू मात्र खिडकीच्या गजाला धरून सगळं बघत होता. बाक कसे आहेत, माणसं बोचकी कुठे ठेवतात, साखळी कुठे असते. मग शेजारून एक मोठी गाडी धडधडत निघून गेली आणि आमची सुटली. देवळालीला उतरल्यावर तो म्हणाला, "टाचण मी लिहू का माझं?"

मी म्हटलं, लिही. मग मला विचारायचं होतं प्रस्तावना कशी करणार, शेवट काय करणार. नाही विचारलं. सोपं नाही हे.

२२ मार्च

आज लहानूचा वार्षिक पाठ झाला.

परीक्षक दोघे, मागच्या बाकावर. आम्ही तिघं त्यांच्या शेजारच्या रांगेत. तक्ता नव्हता. भिकनने पुठ्ठ्याचा डबा केला होता, एक बाजू उघडी, म्हणजे आतलं दिसावं.

लहानू आत आला, फळ्यावर विषय लिहिला आणि म्हणाला, "मुलांनो, मी या महिन्यात पहिल्यांदा आगगाडीत बसलो." वर्गात खसखस पिकली. एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, आम्ही कितीदा बसलो." लहानू म्हणाला, "मग तुम्हीच सांगा आत काय काय असतं. मी चुकलो असंल तर धरा." आणि पुठ्ठ्याचा डबा पुढे केला. आवाज अजून बारीकच. पण मुलं ऐकायला पुढे सरकून बसली.

मग त्याने विचारलं, "आमची गाडी स्टेशनात कितीतरी वेळ उभीच राहिली. बिघाड तर नव्हता. मग ती का थांबली असेल?"

कोणी बोललं नाही. तो खडू हातात धरून उभा. एका परीक्षकांनी मान वर केली. दुसऱ्यांनी घड्याळ पाहिलं. पुढच्याच बाकावर एक मुलगी होती, माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर. एक शब्द पुटपुटलो असतो तरी तिने उचलला असता आणि लहानू सुटला असता. गेल्या वर्षी तो अशाच शांततेत बुडाला होता का? मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. मी ओठ दाताखाली धरले. शेजारी विधातेबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

त्याच मुलीने हात वर केला. "गुरुजी, मागून मोठी गाडी येत असंल. तिला आधी जाऊ द्यायला."

"बरोबर," लहानू म्हणाला. "तुझं नाव काय?"

त्यानंतर हातच हात. कोण थांबवतो, गाडीवाल्याला कसं कळतं, दिवा कोणत्या रंगाचा. परीक्षक लिहीत होते. मी लिहायला घेतलेली निरीक्षणं शेवटी कोरीच राहिली. चर्चेत मी एवढंच म्हटलं की पाठ मला आवडला, आणि खडू खाली ठेवला.

२४ मार्च

काल माझा पाठ झाला. 'आपले डोळे'. पाठानंतर परीक्षकांनी जवळ बोलावलं. म्हणाले, "तयारी उत्तम. मुलांना अजून थोडं बोलू द्या." खोटं कशाला लिहू, वाईट वाटलं. एवढं करूनही? पण संध्याकाळी पुन्हा आठवून पाहिलं तर दोन वेळा मीच उत्तर दिलं होतं. मला तेव्हा कळलंसुद्धा नाही.

१५ जून

निकाल लागला. चौघंही पास. लहानूला पाठात माझ्यापेक्षा जास्त गुण आहेत. ते वाचल्यावर आधी माझे गुण पुन्हा एकदा तपासून पाहिले आणि मग एवढा आनंद झाला की भिकनला उचललं. निकुंभ सर मला म्हणाले, "काढलंस ना पार?" मी म्हटलं, "मी नाही, सर. आम्ही सगळे बसलो होतो." पुढे बरंच सांगता आलं असतं.

गुणपत्रक घेऊन विधातेबाई मखमलाबादला गेल्या. जाताना मला आणि लहानूला एकेक झेंडूचं फूल दिलं. मी लहानूला पोचवायला स्टँडवर गेलो. हरसूलची गाडी लागलेली होती, ही गर्दी होती. तो कसाबसा आत शिरला आणि खिडकीशी आला. पत्र्याची पेटी मांडीवर.

"कारभारी," म्हणाला, "तुला एक सांगायचं राह्यलं. त्या दिवशी तू जर..."

आणि थांबला. शब्द शोधत होता, त्याची ती सवय मला आता माहीत आहे. कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली. माझ्या जिभेवर आलं होतं, "जर मागून उत्तर सांगितलं असतं तर?" किंवा "जर गप्प बसलो नसतो तर?" तो मान हलवून हो म्हणाला असता आणि वाक्य पुरं झालं असतं. मी काही बोललो नाही. गाडीबरोबर चालत राहिलो. तो खिडकीतून तोंड बाहेर काढून काहीतरी म्हणाला, पण तेवढ्यात इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडी फाटकाबाहेर वळली.

त्याला काय म्हणायचं होतं, मला माहीत नाही. घरी येईपर्यंत अंदाज बांधावासा वाटत होता. बांधला नाही.

हरसूलला सकाळची पहिली गाडी कधी असते, ते उद्या स्टँडवर विचारून येतो.